चीज टोस्ट सँडविच: एका गोड-खारट पदार्थाचा इतिहास

ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये चीज घालून दोन्ही बाजू लोण्यावर खरपूस भाजल्या की चीज टोस्ट सँडविच तयार होते. त्यात जॅम, मध, फळाची फोड किंवा आंबटगोड चटणी पडली की तेच सँडविच गोड-खारट होते. घरच्या तव्यावर पाच-सात मिनिटांत होणारा हा पदार्थ साधा आहे, पण त्याचा इतिहास साधा नाही. चीज आणि पाव या दोन्ही गोष्टी हजारो वर्षांपूर्वीच्या, आणि चीजला गोडाची जोड देण्याची आवडही तितकीच जुनी. तरी हे सँडविच घरोघर होऊ लागले ते विसाव्या शतकात. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या: आयता कापलेला ब्रेड, न बिघडता टिकणारे आणि एकसारखे वितळणारे चीज, आणि सँडविच दाबून भाजणारे घरगुती साधन.

गोड आणि खारट यांच्या मेळाचा एक जुना लेखी पुरावा रोमन आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकाने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात ‘प्लाकेंटा’ नावाच्या पदार्थाची सविस्तर कृती दिली आहे. मेंढीच्या दुधाचे ताजे चीज तीनदा पाणी बदलून भिजवायचे, निथळून कुस्करायचे आणि त्यात मध कालवायचा. पिठाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये हे मिश्रण थरावर थर लावून भरायचे, झाकण ठेवून निखाऱ्यांवर भाजायचे आणि उतरवल्यावर वरून पुन्हा मध घालायचा. चीज १४ रोमन पौंड आणि मध साडेचार पौंड, म्हणजे आजच्या मापाने चीज साडेचार किलो आणि मध दीड किलोच्या आसपास. चीजच्या एक तृतीयांश गोड असे हे प्रमाण पडते. खाली-वर पीठ, मध्ये चीज, जोडीला गोड आणि सगळ्याला निखाऱ्याची धग, इतका सांगाडा तेव्हाच उभा होता.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये भाजलेला पाव आणि वितळलेले चीज ही जोडी रोजच्या जेवणात आली. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात ‘रॅबिट’ नावाने तिचे वेगवेगळे प्रकार आहेत. नावात ससा असला तरी त्यात मांस नसते. वेल्श प्रकारात पाव दोन्ही बाजूंनी शेकायचा, चीज एका बाजूने शेकून त्यावर ठेवायचे आणि तापलेले लोखंड वर धरून दुसरी बाजू तांबूस करायची, मग मोहरीची चटणी लावायची. इंग्लिश प्रकारात शेकलेला पाव आधी तांबड्या वाइनमध्ये मुरवायचा, त्यावर चीजचे पातळ काप रचायचे आणि चुलीसमोर पत्र्याच्या भट्टीत ठेवायचे. या सगळ्या प्रकारांत पावाचा एकच थर असे आणि चीज वरून उघडे राही.

दुसरा थर सँडविचमुळे आला. सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८ ते १७९२) यांच्यावरून हे नाव पडले. इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या १७६२ च्या रोजनिशीत ते आढळते. मात्र त्या काळचे सँडविच म्हणजे पावात घातलेले थंड मांस होते. ते भाजून, आत चीज वितळवून देण्याची पद्धत फ्रान्समध्ये रुजली. पॅरिसच्या उपाहारगृहांत १९१० च्या सुमारास ‘क्रोक-मस्यू’ मिळू लागले. त्यात हॅम आणि ग्रुयेर जातीचे चीज असते.

घरी मात्र अडचण चीजचीच होती. उन्हाळ्यात चीजला घाम सुटे, त्याला बुरशी येई, आणि मोठ्या चाकातून तुकडा कापला की उरलेला भाग सुकू लागे. जुने मुरलेले चीज जास्त तापले तर तेल सुटून वेगळे होते आणि मागे रबरासारखा गोळा उरतो. यावरचा उपाय १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील थून गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांना सापडला. चीजमधली केसिन नावाची प्रथिने कॅल्शियममुळे एकमेकांना घट्ट धरून असतात. चीज सोडियम सायट्रेटबरोबर तापवले की हा क्षार कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतो. मोकळी झालेली प्रथिने मग स्निग्धांशाच्या थेंबांभोवती आवरण धरतात, त्यामुळे तेल सुटत नाही आणि चीज मऊ, सलग वितळते. तापवल्यामुळे जंतूही मरतात आणि चीज पुष्कळ दिवस टिकते. प्रोसेस्ड चीज जन्माला आले ते असे.

अमेरिकेत याच दिशेने जेम्स एल. क्राफ्ट निघाले होते. कॅनडात जन्मलेल्या क्राफ्ट यांनी १९०३ मध्ये शिकागोत घोडागाडीतून चीज विकायला सुरुवात केली. उन्हाळ्यात माल वाया जातो हे त्यांनी रोज पाहिले होते. चीज तापवत असताना सतत ढवळायचे आणि गरम असतानाच डब्यात बंद करायचे, अशा पद्धतीचे पेटंट त्यांना १९१६ मध्ये मिळाले. पहिल्या महायुद्धात असे डबाबंद चीज अमेरिकी सैन्याला पुरवले गेले, आणि ज्यांच्या घरी चीज क्वचितच येई अशा हजारो तरुणांना त्याची ओळख झाली. १९५० मध्ये क्राफ्ट कंपनीने आयते काप केलेले चीज बाजारात आणले आणि सुरीचे कामही संपले.

ब्रेडची सोय त्याआधीच झाली होती. आयोवा राज्यातले ऑटो रोहवेडर यांनी अख्खा ब्रेड एका वेळी कापणारे यंत्र बनवण्यात अनेक वर्षे घालवली. कापलेला ब्रेड लवकर सुकेल, ही बेकरीवाल्यांची धास्ती होती. त्यामुळे कापल्याबरोबर तो कागदात गुंडाळण्याची सोयही करावी लागली. ७ जुलै १९२८ रोजी मिसूरी राज्यातल्या चिलिकोथी गावच्या बेकरीने या यंत्रावर कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकला. १९३० पासून तो मोठ्या कंपन्यांमार्फत देशभर पोचला. सँडविचच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट जाडीची होती. दोन्ही स्लाइस सारख्या असल्या की सँडविच दोन्ही बाजूंनी सारखेच भाजले जाते. १९४३ मध्ये, युद्धकाळात, सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली. लोकांची इतकी गैरसोय झाली की जानेवारीत आलेली बंदी मार्चमध्ये उठवावी लागली.

कापलेला ब्रेड आणि स्वस्त चीज हाताशी आले त्याच सुमारास, १९२९ नंतर, अमेरिकेवर महामंदी कोसळली. मांस परवडेना अशा दिवसांत चीज सँडविच हे पोट भरणारे जेवण झाले. पुढे त्याला टोमॅटोच्या सूपची कायमची जोडी मिळाली. जॉन डॉरन्स यांनी १८९७ मध्ये आटवलेल्या सूपचे डबे तयार केल्यापासून हे सूप घरात सहज ठेवता येई. त्याचा गोडसर आंबटपणा चीजच्या खारटपणाला पेलतो. म्हणजे सँडविच खारट राहिले आणि गोड शेजारच्या वाडग्यात गेले.

पुढे गोड पुन्हा सँडविचमध्ये आले. अमेरिकेतले ‘मॉन्टे क्रिस्टो’ हे क्रोक-मस्यूचेच वळण आहे: हॅम, टर्की आणि स्विस चीजचे सँडविच अंड्यात बुडवून तळतात, वर पिठीसाखर भुरभुरतात आणि सोबत जॅम देतात. दक्षिण आफ्रिकेत मांस भाजून झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर जाळीत ‘ब्राइब्रूइकी’ भाजतात. त्यात चीज, टोमॅटो, कांदा आणि फळांची गोड चटणी असते. त्यासाठी तिथे प्रसिद्ध असलेली मिसेस बॉल्स चटणी सुकवलेले पीच, जर्दाळू आणि व्हिनेगर यांची असते. चटणी हा शब्द आणि पदार्थ भारतातून इंग्रजी खाण्यात गेला. समुद्रापार तो साखरेत आणि व्हिनेगरमध्ये मुरला आणि चीजच्या पोटात जाऊन बसला.

तिसरी गोष्ट होती साधनाची. सँडविच नुसते तव्यावर ठेवले तर उलटताना उघडते आणि आतले बाहेर येते. लांब दांड्यांच्या दोन खोलगट पात्यांमध्ये ते बंद करून विस्तवावर धरले की कडा दाबल्या जातात आणि चीज आतच राहते. ऑस्ट्रेलियात १९४९ मध्ये अशा साधनाचे पेटंट घेतले गेले. तिथे त्याला ‘जॅफल आयर्न’ म्हणतात. त्याच देशातल्या ब्रेव्हिल कंपनीने १९७४ मध्ये विजेवर चालणारा, सँडविच मधोमध त्रिकोणात दाबणारा टोस्टर आणला. भारतातला सँडविचचा चिमटाही याच घराण्यातला.

भारतात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी आल्या. पाव पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात आला. गोव्याच्या पोदेरांनी आणि पुढे इराण्यांनी मुंबईत बेकऱ्या चालवल्या. पण पाव म्हणजे लादी, आणि सँडविचला लागतो तो चौकोनी, आयता कापलेला ब्रेड. तो मोठ्या प्रमाणावर मिळावा म्हणून १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या कारखान्यांना ऑस्ट्रेलियाची मदत होती.

चीजची गोष्ट थेट मुंबईशी जोडलेली आहे. खेडा जिल्ह्यातले दूध मुंबईला येई, पण दर व्यापारी ठरवत. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ उभा राहिला आणि १९४८ पासून त्याचे दूध मुंबईच्या दूध योजनेला जाऊ लागले. हिवाळ्यात दूध उतू जाई इतके होई आणि त्याची पावडर, लोणी, चीज करणे भाग होते. पण जगातली बहुतेक यंत्रे आणि पद्धती गाईच्या दुधासाठी होत्या. म्हशीच्या दुधात केसिन आणि कॅल्शियम जास्त असते, त्यामुळे दही कडक लागते आणि चीज मुरायला वेळ घेते. हरिचंद दलाया आणि वर्गीस कुरियन यांच्या आणंदच्या संघाने हा अडथळा पार केला. १९६० च्या सुमारास तिथे म्हशीच्या दुधाचे चीज व्यापारी प्रमाणावर होऊ लागले. निळ्या डब्यातले अमूल चीज हे कित्येक भारतीय घरांतले पहिले चीज होते. प्रोसेस्ड असल्याने ते इथल्या उकाड्यात टिकले आणि चिमट्यात मऊ वितळले.

मुंबईचा सँडविचवाला या सगळ्याला एका ठेल्यावर एकत्र आणतो. स्लाइसवर काठापासून काठापर्यंत लोणी लागते, कारण लोण्याचा थर असला की वरची चटणी ब्रेडमध्ये मुरत नाही. मग कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी, उकडलेल्या बटाट्याचे काप, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट आणि चिमूटभर मसाला. लादीतून चीज थेट सँडविचवर किसले जाते. दुसरी स्लाइस ठेवून चिमटा बंद होतो, बाहेर डोकावणाऱ्या कडा सुरीने उतरवल्या जातात, आणि चिमटा कोळशाच्या शेगडीवर किंवा गॅसवर दोन्ही बाजूंनी फिरत राहतो. उघडल्यावर वर पुन्हा लोणी, मग सुरीने सहा तुकडे, सोबत हिरवी चटणी आणि सॉस. हिरव्या चटणीचा तिखटपणा, चीजचा खारटपणा आणि बीट व सॉस यांचा गोडवा एका घासात येतो. पुढे याच ठेल्यांवर जॅम-चीज, अननस-चीज आणि चॉकलेट-चीज असे उघड गोड प्रकारही मिळू लागले.

गोड आणि खारट एकमेकांना पूरक का ठरतात, याचे कारण जिभेत आहे. थोडे मीठ कडवटपणा दाबते आणि गोडी पुढे आणते, तर साखर चीजचा खारटपणा आणि आंबटपणा सौम्य करते. ब्रेडचा तांबूस रंग आणि खमंग वास प्रथिने व साखर यांच्या उष्णतेतल्या प्रक्रियेतून येतो. लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले.

घरी हे सँडविच करताना या इतिहासातले धडे उपयोगी पडतात. दोन्ही स्लाइस सारख्या जाडीच्या घ्याव्यात आणि लोणी बाहेरच्या बाजूंना लावावे. प्रोसेस्ड चीज सलग वितळते आणि मुरलेले चेडार चव देते, म्हणून दोन्ही निम्मे-निम्मे किसून घालणे चांगले. गोड थर पातळ हवा आणि तो दोन चीजच्या मध्ये हवा: जॅम, मध, कैरीचा गुळांबा किंवा साखरांब्याचा पाक यांतले काहीही चालते. ब्रेडला लागला तर ब्रेड ओला होतो, आणि तव्यावर ओघळला तर साखर करपते. किंचित तिखट हवे असेल तर हिरव्या मिरचीचे बारीक काप चीजवर पसरावेत. आच मंद ठेवून वर झाकण घालावे, कारण मोठ्या आचेवर ब्रेड करपतो आणि चीज थंडच राहते. बाजू तांबूस झाली की उलटावे, उलथन्याने हलके दाबावे आणि दुसरी बाजू होईपर्यंत झाकण काढून ठेवावे. उतरवल्यावर मिनिटभर थांबून कापले की चीज थोडे आळते आणि गोड थरासह आपल्या जागी राहते.