उतरलेल्या तारांचा इतिहास

गिटार शिकणारी मुले ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ हे गाणे बसवू लागली की पहिली अडचण ठरलेली असते. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबाथ’ या वाद्यवृंदाचे हे १९७१ सालचे गाणे. बोटे योग्य पडद्यांवर पडतात, पण सूर काही तबकडीशी जुळत नाही. गिटारची जाड तार रिवाजाप्रमाणे पांढरी तीनला लावतात. येथे ती तीन अर्धस्वर उतरवून काळी एकला आणली आहे, आणि बाकीच्या पाच ताराही तितक्याच उतरवल्या आहेत. असे का केले, याचे उत्तर कारखान्याच्या इतिहासात सापडते.

या वृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करी. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी त्याला प्रेसवर उभे केले. कारण तेथला माणूस गैरहजर होता. सवय नसलेल्या यंत्रावर हा बदली कामगार! उजव्या हाताचे मधले बोट व अनामिका यांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ च्या आगीत राइनहार्टच्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. तरी तो मोठा वादक झाला.

आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले. टोपणाखाली तार जाणवत नाही आणि जोराने दाबवतही नाही. म्हणून त्याने आधी बँजोच्या बारीक तारा लावल्या, पुढे तारा उतरवून ढिल्या केल्या. भरगच्च स्वरसंघाऐवजी तो षड्ज-पंचमाची जोडी धरू लागला. तिला दोन बोटे पुरतात. शिकणाऱ्यानेही आधी तारा उतरवाव्या, मग हीच जोडी जाड तारांवर सरकवून पाहावी. ‘हेवी मेटल’चा भारदस्त आवाज त्यातून उमगतो.

यावरून कोणी म्हणेल, अपघाताने कलावंत घडवला. हा हिशेब खोटा आहे. धोक्याच्या यंत्राला आडोसा हवा, असे ब्रिटनचा १९६१ चा कारखाना कायदा सांगत होता. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने तेच सांगितले. बोटे यंत्राने घेतली, संगीत मात्र त्या मुलाच्या चिकाटीने दिले. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये. ज्यांची बोटे प्रेसखाली गेली आणि ज्यांच्या हाती गिटार नव्हती, त्यांची तबकडी निघत नाही. त्यांची नोंद अपघातांच्या वहीत राहते. तीही कोणीतरी वाचली पाहिजे.