चिनी स्त्री : बांधलेल्या पायांपासून क्रीडांगणापर्यंत



चिनी स्त्रियांच्या क्रीडापराक्रमाची कथा सांगावयाची, तर तिचा आरंभ मैदानावर न करता माजघरात करावा लागतो. मुलगी पाचसहा वर्षांची झाली की अंगठा सोडून तिच्या पायाची बोटे तळव्याखाली दुमडावयाची आणि लांब पट्टीने आवळून बांधावयाची, ही चाल त्या देशात शतकानुशतके चालली. हे काम बहुधा आईच करी, आणि तेही मुलीला चांगले स्थळ मिळावे म्हणून! पुढे सुधारक या चालीविरुद्ध उठले. पण त्यांचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. परकीय लोक आपल्याला हसतात आणि दुबळ्या मातांच्या पोटी दुबळी प्रजा निपजते, असे कांग यू-वेई याने १८९८ साली बादशहाला कळविले. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने या चालीवर बंदी घातली. पाय सुटले, पण ते राष्ट्राच्या कामासाठी. पुढील इतिहासाची किल्ली, माझ्या मते, येथेच आहे.

१९३० साली हांगचौ येथील राष्ट्रीय स्पर्धांत स्त्रिया उतरल्या. १९३३ मध्ये नानकिंगला यांग शियुच्युंग या हाँगकाँगच्या मुलीने पोहण्याच्या शर्यती गाजविल्या आणि वृत्तपत्रांनी तिला ‘जलपरी’ करून टाकले. तिच्या वेळेपेक्षा तिच्या रूपाचीच चर्चा अधिक झाली, हे सांगावयास नकोच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला ती आणि धावपटू ली सेन या दोघी गेल्या. दोघीही प्राथमिक फेरीतच बाद झाल्या.

परंतु खरा प्रसंग १७ नोव्हेंबर १९५७ चा. त्या दिवशी बीजिंगला शांतुंग प्रांतातील चेंग फेंगरुंग या वीस वर्षांच्या मुलीने १.७७ मीटर उंच उडी मारली. अमेरिकेच्या मिल्ड्रेड मॅकडॅनियलचा मेलबर्नचा विक्रम १.७६ चा. फरक एका सेंटिमीटरचा. पण मैदानी खेळांत जागतिक विक्रम करणारी ही पहिली चिनी स्त्री! उडीही जुन्या कात्रीच्या पद्धतीची : दांडीवरून आधी एक पाय, मग दुसरा. तिच्या आजीच्या पिढीतील कितीतरी बायकांना उंबरठा ओलांडताना भिंतीचा आधार घ्यावा लागे, हे ध्यानात आणा म्हणजे या उडीची उंची कळेल.

आणि मग काय झाले? तैवानच्या वादावरून चीनने १९५६ च्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होताच. १९५८ मध्ये ऑलिंपिक समितीशी संबंधच तोडला. त्याच वर्षी रुमानियाच्या योलांडा बालाशने विक्रम आपल्याकडे घेतला आणि १९६० व १९६४ ची सुवर्णपदकेही मिळविली. बालाशने १९६१ पर्यंत १.९१ गाठले होते. तेव्हा चेंगच जिंकली असती असे मी म्हणत नाही. तिला हरण्याचीही संधी मिळाली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

१९७९ मध्ये चीन परतला. १९८१ साली चिनी मुलींनी जपानला जपानमध्येच हरवून व्हॉलीबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सारा देश हर्षाने वेडा झाला. १९९२ ला बार्सिलोनात चीनच्या सोळा सुवर्णपदकांपैकी बारा स्त्रियांची. त्यांतली नेमबाज चांग शान ही तर स्कीटच्या खुल्या स्पर्धेत पुरुषांना मागे टाकून गेली. पुढच्या ऑलिंपिकला ती स्पर्धा केवळ पुरुषांची करण्यात आली! पण पदकांच्या हव्यासाची किंमतही मुलींनीच मोजली. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धांत उत्तेजकांच्या चाचणीत जे चिनी जलतरणपटू सापडले, त्यांत जगज्जेत्या मुलीही होत्या. आपला शिक्षक आपण निवडावा, बक्षिसाचा मोठा वाटा आपल्याकडे राहावा, ही मोकळीक टेनिसपटू ली ना हिला २००८ च्या अखेरीस मिळाली. २०११ मध्ये तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली.

त्याच २००८ मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकला ध्वज घेऊन आठ जण चालले. त्यांत एकाहत्तरीची चेंग फेंगरुंग होती. २०२१ साली टोकियोला तिची कॅनडात जन्मलेली नात चेंग निनाली चीनतर्फे हेप्टाथलॉनमध्ये उतरली. त्या सात प्रकारांत उंच उडी हा एक असतो.