चार वॅटांत मावणारा आवाज

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओवर बोलायला आलेल्या माणसाला स्टुडिओतले तंत्रज्ञ एक सूचना हमखास देतात : माइकपासून वीतभर अंतर ठेवा आणि नेहमीसारखे बोला, ओरडू नका. आवाज किती वाढवायचा ते काचेपलीकडे बसलेला माणूस पाहत असतो. काटा लाल भागात जाऊ लागला की त्याचा हात पुढे होतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत लाखो सामान्य माणसांच्या हाती असाच एक माइक आला, पण त्यांच्यासमोर काचेपलीकडे कोणी बसलेले नव्हते. त्या माणसांनी आपल्या आवाजाचे काय केले, ही आजच्या भाषणाची गोष्ट आहे.

या यंत्रणेचे नाव सिटिझन्स बँड रेडिओ, बोलीभाषेत सीबी. १९४५ साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, सामान्य नागरिकांना तांत्रिक परीक्षा न देता वापरता येईल अशा रेडिओसेवेची तरतूद केली. वॉकीटॉकीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या अल ग्रॉस यांच्या संचाला १९४८ मध्ये या सेवेसाठी मान्यता मिळाली. पण ४६० मेगाहर्ट्झच्या वरची ही जागा त्या काळच्या तंत्राला महाग आणि अवघड होती. म्हणून सप्टेंबर १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल खुले झाले. ही जागा हौशी रेडिओवाल्यांकडून, म्हणजे हॅम मंडळींकडून, काढून घेतलेली होती आणि त्याचा राग त्यांच्यात बराच काळ होता. पहिली पंधरा वर्षे सीबी शेतकरी, दुरुस्तीवाले आणि छोटे व्यावसायिक यांच्यापुरता राहिला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि चित्र पालटले. डिझेल महागले, मिळेनासे झाले. इंधन वाचवण्यासाठी जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी महामार्गावर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. मैलांवर पैसे कमावणाऱ्या ट्रकचालकांच्या पोटावर ही मर्यादा आली. कोणत्या पंपावर डिझेल आहे आणि पोलिसांची गाडी कोठे दबा धरून बसली आहे, हे ते एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. रस्ते अडवण्याची आंदोलनेही याच संचांवरून जुळवली गेली. ट्रकवाल्यांचा चॅनेल १९ घरोघरी माहीत झाला. पोलिसाला ‘स्मोकी’ आणि ‘समजले’ला ‘टेन-फोर’ म्हणणारी त्यांची भाषा मध्यमवर्गीयांनी उचलली. सी. डब्ल्यू. मॅकॉल यांचे ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांचे गाणे जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने सीबीवर हजेरी लावली. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल २३ चे ४० झाले, तरी गर्दी हटेना.

या गर्दीत प्रत्येकाला आपला आवाज दूर जावा असे वाटे. पण कायद्याने शक्तीवर झाकण घातलेले होते. सुरुवातीला प्रेषकाच्या शेवटच्या टप्प्याला ५ वॅट आणि पुढे अँटेनाकडे जाणारी ४ वॅट, ही मर्यादा होती. रात्री लावायच्या छोट्या दिव्याएवढीच शक्ती. त्यामुळे लोकांचे लक्ष वॅटवरून माइककडे वळले आणि येथे भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने होते.

सीबीचे बोलणे एएम पद्धतीने जाते. संच एक स्थिर लहर सोडतो, तिला वाहक लहर म्हणतात. आपला आवाज त्या लहरीची उंची कमीजास्त करतो. बोलणारा गप्प असेल तरी वाहक लहर ४ वॅटने जातच असते; पण तिच्यात ऐकण्यासारखे काही नसते. बोलणे असते ते या चढउतारात. एखादा स्थिर सूर धरून लहर पूर्ण शंभर टक्के हलवली, तर बोलण्याच्या वाट्याला २ वॅट येतात. ती तीस टक्केच हलली तर मिळते ०.१८ वॅट, म्हणजे पाव वॅटसुद्धा नाही. तीस टक्क्यांवरून नव्वदवर गेले की बोलण्याची शक्ती नऊपट होते. मुळमुळीत माइक लावलेल्या संचाचा आवाज नीट केला, तर त्याचा लाभ ४ वॅटऐवजी ३६ वॅटचा संच आणल्याएवढा होऊ शकतो आणि तोही कायद्यात राहून.

दुसरी गोष्ट शब्दांची. ताप, साप, चाप, माप हे शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. ‘आ’ हा स्वर चारही शब्दांत तोच आहे आणि आवाजाचा जोरही त्याच्यातच आहे. अर्थ बदलतो तो त, स, च, म या व्यंजनांनी, आणि यांतली पहिली तीन फार अशक्त, वरच्या पट्टीतली असतात. बोलण्यातला जोर खालच्या सुरांत आणि समज वरच्या सुरांत, हे टेलिफोनच्या संशोधकांनी फार पूर्वी दाखवून दिले होते. अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वी फ्लेचर यांनी या विषयावर पायाभूत काम केले. टेलिफोनने साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला आणि त्यात माणसे एकमेकांचे बोलणे समजू शकली. सीबीचे चॅनेल १० किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेले असल्याने तेथेही याहून फार रुंद आवाजाला जागा नव्हती. तेव्हा भरदार, घुमणारा आवाज कानाला कितीही गोड लागला, तरी इंजिनाच्या घरघरीतून पलीकडे पोचतो तो थोडा टोकदार आवाज.

असा टोकदार आवाज देणारा एक माइक आधीपासून बाजारात होता. ओहायो राज्यातल्या अस्टॅटिक कंपनीने १९३०च्या दशकात डी-१०४ नावाचा माइक काढला होता. उभ्या दांड्यावर चकचकीत गोल डोके, लहान मुलांच्या काडीवरच्या गोळीसारखे. त्याच्या आत रोशेल सॉल्ट या क्षाराचा स्फटिक असे. अशा स्फटिकावर दाब पडला की त्यातून वीज निघते, हे ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले होते. डी-१०४ वरच्या सुरांना उठाव देई, म्हणून हॅम मंडळींनी आणि मग सीबीवाल्यांनी तो उचलून धरला. पण तो व्हॅक्यूम ट्यूबच्या जमान्यातला होता. ट्रान्झिस्टरच्या नव्या संचाला थेट जोडला की आवाज पातळ आणि क्षीण होई, कारण या स्फटिकाला जेवढा हलका भार लागतो त्याच्या मानाने नव्या संचाचा भार फार जड होता. उपाय म्हणून माइकच्या बैठकीतच बॅटरीवर चालणारा छोटा वर्धक बसवला गेला. टर्नरसारख्या कंपन्यांनीही असे वर्धक असलेले माइक विकले. त्यांना ‘पॉवर माइक’ म्हणत आणि त्यांवर आवाज वाढवायचे एक बटण असे.

त्या बटणापाशी गोष्ट बिघडली. शंभर टक्क्यांपर्यंत आवाज वाढवणे हे शहाणपण. त्यापुढे गेले की वाहक लहर क्षणाक्षणाला पूर्ण तुटते. तुटलेल्या लहरीतून नवे, न मागितलेले सूर तयार होतात आणि ते आपल्या चॅनेलची हद्द ओलांडून शेजारच्या दोनचार चॅनेलवर खरखर करतात. हे होऊ नये म्हणून संचात आवाजाला लगाम घालणारे एक मंडल असते. स्टुडिओतल्या काचेपलीकडच्या माणसाची जागा घेणारे, म्हणा. अनेकांनी बटण शेवटपर्यंत फिरवले. काहींनी संच उघडून तो लगामच कापून टाकला. शेजारच्या चॅनेलवर खरखर वाढली की तिथला माणूसही आपले बटण फिरवी. मग कोणी शंभर वॅटचे बेकायदा वर्धक जोडले. शक्ती चौपट केली तर पलीकडच्या संचाचा काटा जेमतेम एका घराने पुढे सरकतो, हे कोणी लक्षात घेतले नाही. १९७८ मध्ये एफसीसीने २४ ते ३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणाऱ्या वर्धकांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंदी आणली, पण तोवर सवय लागून गेली होती.

यात खरे नुकसान कोणाचे झाले? चॅनेल ९ संकटकाळासाठी राखून ठेवलेला होता. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘रिअ‍ॅक्ट’ या संघटनेचे स्वयंसेवक पाळीपाळीने तो ऐकत बसत. हायवेवर गाडी उलटलेल्या माणसाकडे मोबाइल नव्हता. होता तो ४ वॅटचा संच. शेजारच्या चॅनेलवरच्या एका बेलगाम माइकने त्याची हाक झाकून टाकणे शक्य होते. १९७९-८०च्या सुमारास सूर्यावरील डागांचे चक्र शिखरावर आले. अशा काळात २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. गावच्या गोंगाटात आता परगावचाही गोंगाट मिसळला. बोलणाऱ्यांची संख्या प्रचंड आणि ऐकू येणारे थोडे, अशी स्थिती झाली तेव्हा सामान्य कुटुंबे संच काढून माळ्यावर टाकू लागली. परवाने देण्याचा भार पेलवेना म्हणून १९८३ मध्ये परवान्याची अटच रद्द झाली. ट्रकवाले मात्र राहिले.

भारतात ही लाट आली नाही. १९३३ च्या कायद्यानुसार वायरलेस संच बाळगायलाच परवाना लागे. २००५ मध्ये केंद्र सरकारने २७ मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतचे संच परवान्याविना वापरायला मोकळीक दिली, पण तोवर मोबाइल खिशात आला होता.

माळ्यावरचे ते जुने संच अलीकडे पुन्हा खाली उतरू लागले आहेत. ते दुरुस्त करणारे जाणकार आवाज सुधारताना शक्तीला हात लावत नाहीत. ते आधी माइकची वायर तपासतात, कारण वर्षानुवर्षे वळून आतली तार तुटलेली असते. मग प्लगचे काळवंडलेले टोक घासून स्वच्छ करतात. त्यानंतर संचातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहतात. चाळीस-पन्नास वर्षांत त्यांच्यातला द्रव सुकतो आणि आवाज दबका, पोकळ होतो. अनेक जुन्या संचांत स्पीकर वाजवणारा वर्धकच बोलताना वाहक लहर हलवायचे काम करतो. त्यामुळे हे सुटे भाग बदलले की ऐकणे आणि बोलणे दोन्ही एकदमच सुधारते. डी-१०४ हाती आला तर त्याचा स्फटिक जिवंत आहे का ते बघावे लागते, कारण उष्णतेने आणि दमटपणाने तो मरतो. शेवटी लगामाचे मंडल आहे तसे ठेवून, मोजणी यंत्रावर पाहत आवाज शंभर टक्क्यांच्या थोडा अलीकडे आणून थांबवतात. यातल्या बहुतेक कामांना सुट्या भागांचा खर्च किरकोळ आणि धीर मात्र भरपूर लागतो.

२०२१ मध्ये एफसीसीने सीबीवर एफएम पद्धतीलाही परवानगी दिली. ब्रिटनने १९८१ मध्ये सीबी कायदेशीर केला तेव्हा सुरुवातच एफएमने केली होती. आता अमेरिकेतही आवाज अधिक स्वच्छ जाऊ शकतो. पण एफएममध्येही ओरडणाऱ्याचा आवाज फाटतोच, आणि जुन्या संचावर बोलणाऱ्याला जाणकार आजही पहिली गोष्ट तीच सांगतात, जी मला थोड्या वेळापूर्वी या स्टुडिओत सांगितली गेली : माइक तोंडापासून थोडा दूर धरा, आणि नेहमीसारखे बोला.