जलसंजीवनी : एका शोधाचा लांबलेला प्रवास

खेड्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना मरीआई कोण ते सांगावं लागत नाही. देऊळ बहुधा वेशीबाहेर, मूर्ती म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा, आणि दरारा मात्र गावातल्या मोठ्या देवांपेक्षाही जास्त. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलणार! आज याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येतं. पण सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत डोळे खोल जाऊन, कातडी सुरकुतून मरताना ज्यांनी पाहिला, त्यांच्या हातात दुसरं होतं तरी काय?

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, मला कुतूहल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, माणूस कशाने मरतो हे १८३२ सालीच कळलं होतं. त्यावरचा घरगुती उपाय खेड्यातल्या आईच्या हातात पडायला मात्र १९८० साल उजाडावं लागलं. मधली दीडशे वर्षं काय चाललं होतं?

तर सुरुवात इंग्लंडपासून. १८३१ मध्ये कॉलरा तिथल्या संडरलंड बंदरात उतरला. विल्यम ओ'शॉनेसी नावाचा विशीतला एक आयरिश डॉक्टर तिथे गेला आणि त्याने रुग्णांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते परत भरले पाहिजेत, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलं. त्या वेळचे बाकीचे डॉक्टर काय करत होते? आधीच आटलेल्या माणसाची शीर कापून आणखी रक्त काढत होते! स्कॉटलंडमधल्या थॉमस लट्टा या डॉक्टरने ओ'शॉनेसीचं म्हणणं मनावर घेतलं आणि १८३२ च्या मे महिन्यात मरणाच्या दारात पोचलेल्या एका वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. तीनेक लिटर पाणी गेल्यावर ती बोलायला लागली. डॉक्टर निघून गेला, जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती वारली. पुढचे काही रुग्ण मात्र जगले. हे सगळं 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापूनही आलं. पण साथ ओसरली, पुढच्याच वर्षी लट्टा वारला आणि विषय बारगळला. निर्जंतुक पाणी म्हणजे काय हेच तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे उपचारानेही माणसं मरत, हेही खरंच.

ओ'शॉनेसीचं पुढे काय झालं ते मोठं गमतीचं आहे. १८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाला, आणि नंतर डलहौसीच्या काळात त्याने हिंदुस्थानभर तारायंत्राचं जाळं उभारलं. डलहौसीच्या सुधारणा शिकवताना रेल्वे, टपाल आणि तार अशी त्रयी आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत असू. त्यातली तार आणणारा माणूस हाच! म्हणजे कॉलऱ्याच्या उपचाराची किल्ली ज्याला सापडली, तो कॉलऱ्याच्या माहेरघरात येऊन राहिला आणि तारांचे खांब रोवत बसला. असो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यातच सलाईनचा उपचार पुन्हा उभा केला आणि तिथले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. १९६० च्या सुमारास तर चांगल्या इस्पितळात वेळेवर पोचलेला कॉलऱ्याचा रुग्ण सहसा दगावत नसे. पण ही 'चांगल्या इस्पितळाची' अट पाळायची कोणी? सलाईनच्या बाटल्या, सुया, शीर शोधणारा शिकलेला हात, आणि तिथवर जायला वाहन. साथ यायची ती नेमकी जिथे यातलं काहीच नाही अशा ठिकाणी.

मग पाणी तोंडानेच का नाही पाजायचं? आपल्याला हा प्रश्न साधा वाटतो, पण तो तसा नव्हता. कॉलऱ्यात नुसतं पाणी किंवा मिठाचं पाणी पाजलं तर आतडं ते धरून ठेवत नाही, सगळं बाहेर पडतं. त्यामुळे आतडी नासली आहेत, त्यांना विश्रांती द्या, तोंडाने काही देऊ नका, हीच शिकवण डॉक्टरांमध्ये रुळली होती. १९५३ मध्ये कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी सौम्य कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पाजून बरं केल्याचं 'लॅन्सेट'मध्येच लिहिलं. सोबत पानओव्याचा रसही दिला होता. (ज्याची आपण भजी करतो तोच पानओवा.) पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, किती पाणी गेलं आणि किती आलं याची मोजदाद नव्हती, आणि ते असं का होतं हेही कोणाला सांगता येत नव्हतं. कोणी लक्ष दिलं नाही. चटर्जी गोरे असते तर लक्ष गेलं असतं का, असा प्रश्न माझ्या मनात येतो, पण मोजमाप नसलेल्या कागदावर शंका घेणं हेही शास्त्राचं कामच आहे. १९६२ मध्ये मनिला इथे रॉबर्ट फिलिप्स या अमेरिकन नौदलाच्या डॉक्टरने तोंडावाटे द्यायच्या द्रावणाचा प्रयोग केला. त्यात काही रुग्ण दगावले आणि तो हादरून गेला. तेव्हा नुसता उत्साह पुरेसा नव्हता, प्रमाण अचूक हवं होतं.

'का' याचं उत्तर मिळालं ते कॉलऱ्याशी संबंध नसलेल्या लोकांकडून. आतड्याच्या पेशी साखर कशी शोषतात याचा रॉबर्ट क्रेन नावाचा शास्त्रज्ञ अभ्यास करत होता. १९६० मध्ये त्याने मांडलं की साखर आणि सोडियम हे जोडीने आत शिरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर साखरेचं बोट धरून मीठ आत येतं, आणि मिठाच्या मागून पाणी. कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्यातून पाण्याचे पाट वाहवतं खरं, पण हा साखरेचा दरवाजा ते बंद करत नाही. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्रात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी, जेवढं बाहेर जाईल तेवढं मोजून तोंडाने भरायचं, असा काटेकोर प्रयोग केला. शिरेतून द्यायच्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

सिद्ध झालं, छापून आलं. आता सगळीकडे वापर सुरू व्हायला हवा होता. तसं झालं नाही. इस्पितळात, डॉक्टरच्या नजरेखाली हे ठीक आहे, बाहेर अडाणी माणसांच्या हातात कसं द्यायचं, असा नवा आक्षेप निघाला. तो दूर झाला एका युद्धामुळे.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून साध्या पत्रावरसुद्धा निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. तेव्हा मी कॉलेजात होते. त्या पाच पैशांपलीकडे बंगालच्या सीमेवर काय चाललंय याची आम्हाला काही कल्पना नव्हती. सीमेवरच्या बनगाव इथल्या छोट्या इस्पितळात त्या जूनमध्ये कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले होते. कलकत्त्याहून तिथे गेलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी पुढे सांगितलं आहे की रुग्णाच्या शिरेत सुई घालायला त्यांना अक्षरशः उलटी-जुलाबाच्या घाणीत गुडघे टेकावे लागत. सलाईनचा साठा संपत आला. सलाईन लावता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

महालनबीस मूळचे बालरोगतज्ज्ञ, आणि कलकत्त्यात ते याच विषयावर काम करत होते. द्रावणाचं शास्त्र त्यांना पाठ होतं. त्यांनी ठरवलं की आता तोंडानेच द्यायचं, सगळ्यांना. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खायचं मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. सगळं बाजारातलं. कलकत्त्यात एका खोलीत त्याची वजनं करून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या, गरम इस्त्रीने त्यांची तोंडं चिकटवायची, आणि बनगावात तोट्या लावलेल्या पिंपांत ती पूड पाण्यात विरघळवायची. पाजायचं कोणी? आईने, भावाने, बायकोने, जो बरोबर आला असेल त्याने. मगात घ्या आणि पाजत राहा. एका लिटरच्या साहित्याचा खर्च अकरा पैसे! लोकांचा विश्वास बसावा म्हणून या पाण्याला 'तोंडाने घ्यायचं सलाईन' म्हणत. ही युक्ती मला फार आवडते. शास्त्र पटवायचं तर आधी लोकांच्या मनात काय आहे ते पाहावं लागतं, आणि लोकांच्या मनात सलाईन म्हणजे जीव वाचवणारी बाटली हे पक्कं बसलेलं होतं.

मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. तरीही हा लेख आधी नाकारला गेला आणि १९७३ मध्ये कुठे जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ हे बनगावात येऊन प्रत्यक्ष पाहून गेले होते, त्यांनी पाठपुरावा केला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर.

इथवरची गोष्ट पुस्तकांत सापडते. पण माझ्या मते खरा धडा बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेचा आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या मुली घरोघर जाऊन, एकेका आईसमोर बसून, हे पाणी करायला शिकवत होत्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. १ कोटी २० लाखांहून जास्त घरं झाली! मुलींचा पगार किती घरं केली यावर नव्हता. काही आठवड्यांनी दुसराच माणूस येऊन त्या आयांपैकी काहींना विचारायचा, पाणी करून दाखवायला लावायचा. आईच्या लक्षात किती राहिलं, त्यावर शिकवणारीचे पैसे. (शिक्षकांना ही पद्धत लागू केली असती तर आमच्यापैकी कितीजणांचा पगार निघाला असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.)

आणि तरीही, सुरुवातीला आयांना पाणी करता येत होतं पण मूल आजारी पडलं की त्या ते वापरत नव्हत्या. का, याचा शोध घेतल्यावर दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे शिकवणाऱ्या मुलींचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. दुसरी म्हणजे घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग मुलींना शास्त्र समजावून दिलं, पुरुषांशी बाजारात आणि मशिदीत बोलणं सुरू केलं, आणि वापर वाढला. ढाक्यात मूळ प्रयोग करणारे कॅशही या कामात मूल्यमापनासाठी होते. एकाच माणसाने प्रयोगशाळेपासून चुलीपर्यंतचा सगळा प्रवास केल्याची उदाहरणं थोडीच असतील.

डॉक्टर नसलेल्याच्या हातात उपचार द्यायचा की नाही, हाच वाद मनाच्या आजारांतही आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन दवाखान्यांत बसवलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २४ दवाखाने होते. सरकारी केंद्रांत उदासी आणि चिंतेचे सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. जिथे अशी समुपदेशक नव्हती तिथे ४२ टक्के. खासगी डॉक्टरांकडे मात्र फरक पडला नाही, कदाचित तिथे डॉक्टर आधीच चार शब्द बोलत असल्यामुळे. अशी न जुळणारी बाजूही त्यांनी छापली, याचं मला कौतुक वाटतं.

जलसंजीवनीचं आपल्याकडे आज काय? पुडी आशाताईंकडे फुकट मिळते, औषधाच्या दुकानात काही रुपयांना. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्क्यांनाच ती मिळाल्याचं दिसलं. बाकीच्यांना का मिळत नाही, याचा अभ्यास कर्नाटक आणि बिहारमध्ये झाला आणि २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. खोटे पालक खासगी डॉक्टरांकडे पाठवून ते काय देतात हे पाहिलं. पुडी संपलेली असणं किंवा महागड्या औषधांतला नफा, ही कारणं किरकोळ निघाली. सर्वांत मोठं कारण हे की लोकांना पुडी नको असते, त्यांना 'खरं' औषध हवं असतं, असा डॉक्टरांचा समज. पालकाने आपणहून ओआरएसचं नाव काढलं, तेव्हा ते लिहून देण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेलं.