पवई तलाव सायकल मार्ग प्रकरण

पवई तलाव सायकल मार्ग प्रकरण हे मुंबईतील पवई तलावाच्या काठी बृहन्मुंबई महानगरपालिकेने हाती घेतलेल्या सायकल व पादचारी मार्गासंबंधीचे न्यायालयीन प्रकरण होय. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे बांधकाम बेकायदा ठरवले आणि झालेले काम काढून टाकून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. शहरातील तलावाच्या काठावर मार्ग बांधता येतो काय आणि काठाच्या पुनःस्थापनेचा भार कोणावर पडतो, या दोन प्रश्नांमुळे हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

तलावाची माहिती

पवई तलाव हा मुंबईच्या उपनगरातील कृत्रिम तलाव आहे. महापालिकेच्या नोंदीनुसार त्याचे बांधकाम १८९० मध्ये पूर्ण झाले व त्यासाठी १२.५९ लाख रुपये खर्च आला. पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, भरलेल्या तलावाचा विस्तार सुमारे २.२३ चौरस किलोमीटर आणि साठवणक्षमता ५४५.५ कोटी लिटर आहे. तलाव भरल्यावर सांडव्यावरून वाहणारे पाणी मिठी नदीस मिळते. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी पुढे पिण्यायोग्य राहिले नाही. आता ते औद्योगिक वापरासाठी व आरे दुग्ध वसाहतीस पुरवले जाते. तलावात मगरींचा अधिवास आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मगरीचा समावेश असून तिला सर्वोच्च संरक्षण लाभले आहे.

प्रकल्प व आक्षेप

महापालिकेने २०२१ मध्ये काठावर मार्गाचे काम सुरू केले. तारेच्या जाळ्यांत दगड भरून त्यांवर मार्ग उभारण्याची, म्हणजेच गॅबियन पद्धत त्यासाठी वापरण्यात आली. दगडांमधून पाणी ये-जा करू शकते, म्हणून ही पद्धत पर्यावरणस्नेही आहे, अशी महापालिकेची भूमिका होती.

याविरुद्ध भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांसह इतरांनी जनहित याचिका दाखल केल्या. उथळ काठ हा तलावाचाच भाग असतो. मगरी तेथे उन्हास येतात व काठाच्या मातीत अंडी घालतात. पाणपक्षी तेथेच चरतात. हा पट्टा दगडांनी भरला की अधिवास तुटतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने कामास स्थगिती दिली.

कायदेशीर प्रश्न

पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ मधील नियम ४ नुसार, गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत नौकाधक्का वगळता कायमस्वरूपी बांधकामास मनाई आहे. मात्र पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय याच नियमांतील ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे मानवनिर्मित पवई तलावास हे संरक्षण लागू होते काय, हा वादाचा मुख्य मुद्दा ठरला.

राष्ट्रीय नकाशासंग्रहात नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिला होता. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती व्ही. जी. बिष्ट यांच्या खंडपीठाने पवई तलावास संरक्षण लागू असल्याचे मानून मार्गाचे पुढील काम थांबवले.

निधीचा प्रश्न

तलाव संवर्धनासाठी केंद्र शासनाने २००१ मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली. तीत खर्चाची विभागणी केंद्र ७० टक्के व राज्य ३० टक्के अशी होती. पवई तलाव आणि कोल्हापूरचा रंकाळा तलाव हे महाराष्ट्रातील लाभार्थी तलावांपैकी होत. सांडपाणी अडवणे व वळवणे, गाळ काढणे, पाण्याचे जैविक शुद्धीकरण आणि काठाचा विकास ही कामे योजनेत बसत. २०१३ मध्ये ही योजना पाणथळ संवर्धन कार्यक्रमासह राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजनेत विलीन झाली.

‘काठाचा विकास’ या एकाच शब्दप्रयोगात काठाचे पुनरुज्जीवन आणि काठावरील बांधकाम अशी दोन्ही प्रकारची कामे बसू शकतात. दोहोंचे परिणाम मात्र परस्परविरुद्ध असतात. पवईचा मार्ग महापालिकेच्या कामातून उभा राहिला. तो काढून काठ पूर्ववत करण्याचे दायित्वही निकालाने महापालिकेवरच आले. अशा प्रसंगी बांधण्याचा व मोडण्याचा असा दुहेरी भार अखेर करदात्यांवर पडतो. शिवाय तलावाचा मूळ विकार, म्हणजे त्यात मिसळणारे सांडपाणी, मार्गाने दूर होणारा नव्हता. महापालिकेच्या आकडेवारीनुसार दररोज सुमारे १.८ कोटी लिटर सांडपाणी तलावात येते. ते वळवणे व शुद्ध करणे यांवर स्वतंत्र खर्च करावा लागतो. तोवर जलपर्णी काढण्याचा खर्चही वारंवार होत राहतो.

पुढील संदर्भ

मानवनिर्मित तलावांच्या दर्जाचा प्रश्न विदर्भातही उद्भवला. नागपूरच्या भोसलेकालीन फुटाळा तलावावरील प्रेक्षक सज्जा व संगीत कारंजे यांविषयीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, हा तलाव मानवनिर्मित असल्याने २०१७ च्या नियमांनुसार ‘पाणथळ’ ठरत नाही, असा निर्णय दिला. तरीही सार्वजनिक विश्वस्ततेच्या तत्त्वानुसार अशा तलावांचे रक्षण करणे शासनाचे कर्तव्य आहे, असेही न्यायालयाने नमूद केले. दोन्ही निकाल एकत्र वाचता असे दिसते की, तलावाच्या काठाला मिळणारे संरक्षण त्याच्या नैसर्गिक स्थितीइतकेच त्याच्या नोंदीवर व कायदेशीर दर्जावरही अवलंबून असते.