टेरिकॉटचा सदरा

माझे मामू लाइनमन होते. खांबावर चढताना त्यांच्या अंगात टेरिकॉटचा सदरा असायचा, कारण तो लवकर वाळे आणि इस्त्री मागत नसे. भिवंडीत आमच्या आजूबाजूचे लूम असलंच कापड विणत. आम्ही घाबरायचो ते फक्त शॉकला.

अमेरिकेतही बराच काळ असंच होतं. १९८२ साली राल्फ ली या अभियंत्याने एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच विजेच्या ‘दुसऱ्या धोक्या’चा उल्लेख होता. दोन तारांमधल्या हवेतून वीज उसळली की जी ज्वाला होते, ती सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी पट तप्त असते. तारेला हात न लावताही माणूस भाजतो. किती उष्णतेने त्वचेवर फोड येतात, हे ॲलिस स्टोल यांनी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत आधीच अभ्यासलं होतं. आज तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी धरतात. म्हणजे फारच थोडी!

पण ज्वाला बहुधा सेकंदभरही टिकत नाही. कपडे पेटले तर मात्र ते कितीतरी वेळ जळत राहतात, आणि खरा घात तिथेच होतो. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या थोडं पुढे वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापड वितळत नाही, पण पेट घेतंच, हे आपले लोक सोयीने विसरतात.

१९९४ साली अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्यांसाठी नियम केला: जखम वाढवतील असे कपडे घालायचे नाहीत. नायलॉन, पॉलिएस्टर, रेयॉन, ॲसिटेट यांची त्यात नावंच घेतली होती. पण काय घालू नये एवढंच सांगितलं. ज्वालारोधक कपडे पुरवायची सक्ती मालकावर नव्हती. ती आली २०१४ साली. कामाच्या जागी किती उष्णता अंगावर येऊ शकते याचा अंदाज मालकाने बांधायचा, आणि ती २ कॅलरींहून जास्त असेल तर तेवढी झेलणारे कपडे द्यायचे. मधे वीस वर्षं गेली. माझ्या मते ‘हे घालू नका’ म्हणणं स्वस्त पडतं, ‘हे घ्या’ म्हणायला पैसे लागतात.

मामूंच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा चकाकता डाग होता. आम्ही त्याला शॉकचा डाग म्हणत असू. निवृत्तीनंतर एकदा त्यांनी सांगितलं, शॉक लागलाच नव्हता, बाही चिकटली होती. मुमानीने दोन्ही बाह्या कापल्या आणि तोच सदरा ते पुढे दोन वर्षं घालत राहिले.