लिंडन जॉन्सन यांची ‘ग्रेट सोसायटी’

अमेरिकेचे ३६वे अध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सन यांनी १९६४ ते १९६८ या काळात देशांतर्गत सामाजिक सुधारणांचा जो व्यापक कार्यक्रम राबवला, तो ‘ग्रेट सोसायटी’ या नावाने ओळखला जातो. दारिद्र्य, वंशभेद, शिक्षण, आरोग्य, मतदान, घरबांधणी, स्थलांतर अशा अनेक विषयांवर या काळात कायदे झाले. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची ‘न्यू डील’ १९३०च्या दशकातल्या महामंदीने भाग पाडल्यामुळे आली होती. ग्रेट सोसायटी मात्र देश भरभराटीला आलेला असताना आली, आणि हेच तिचे वेगळेपण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यमवर्ग झपाट्याने वाढला. घर, मोटार आणि दूरचित्रवाणी संच या गोष्टी लाखो कुटुंबांच्या आवाक्यात आल्या. या समृद्धीत गरिबी दिसेनाशी झाली होती. ॲपलेशियाच्या डोंगरातले खाणकामगार, मिसिसिपीच्या खोऱ्यातले शेतमजूर आणि मोठ्या शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्या यांच्याकडे मायकेल हॅरिंग्टन यांच्या ‘द अदर अमेरिका’ (१९६२) या पुस्तकाने लक्ष वेधले. त्याच सुमारास सामाजिक सुरक्षा खात्यातील मॉली ओर्शान्स्की यांनी गरिबी मोजण्याची एक साधी पद्धत तयार केली. कुटुंबाला पोटापुरत्या अन्नासाठी लागणारा किमान खर्च काढायचा आणि त्याची तिप्पट करायची. उत्पन्न त्याहून कमी असेल तर ते कुटुंब गरीब. या मोजमापानुसार १९६४ मध्ये १९ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी ६० लाख अमेरिकी नागरिक दारिद्र्यरेषेखाली होते.

जॉन्सन यांना गरिबी पुस्तकातून कळलेली नव्हती. टेक्सासच्या ग्रामीण भागात १९०८ मध्ये त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट थांबवून १९२८ मध्ये त्यांनी कोटुला या गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. मुले उपाशीपोटी शाळेत येत. जॉन्सन यांनी आपल्या पगारातून त्यांच्यासाठी खेळाचे साहित्य आणले. पुढे ते प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये गेले, सिनेटमधील बहुमताचे नेते झाले आणि १९६१ मध्ये उपाध्यक्ष झाले. संसदेत एकेका सदस्याला गाठून मत वळवण्याची कला त्यांच्याइतकी क्वचितच कुणाला साधली असेल. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि जॉन्सन अध्यक्ष झाले.

८ जानेवारी १९६४ रोजी संसदेपुढील पहिल्याच वार्षिक भाषणात त्यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. २२ मे रोजी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी ‘ग्रेट सोसायटी’ची कल्पना विस्ताराने मांडली. संपत्ती वाढवणे पुरेसे नाही, त्या संपत्तीतून दारिद्र्य आणि वांशिक अन्याय संपला पाहिजे, असा तिचा गाभा होता.

पहिला मोठा कायदा नागरी हक्कांचा. केनेडींच्या काळापासून रखडलेल्या या विधेयकाला दक्षिणेतील सिनेटरांनी प्रदीर्घ भाषणे करून अडवून धरले होते. १० जून १९६४ रोजी सिनेटने ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवली आणि २ जुलैला जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. हॉटेल, उपाहारगृह, नाट्यगृह अशा सार्वजनिक ठिकाणी वंशावरून भेदभाव करण्यास बंदी आली. या कायद्याच्या सहाव्या प्रकरणात एक मोजकी तरतूद होती : जी संस्था वंशभेद पाळेल, तिला संघराज्य सरकारचा पैसा मिळणार नाही. तिचे सामर्थ्य पुढच्या दोन वर्षांत दिसले.

ऑगस्ट १९६४ मध्ये आर्थिक संधी कायदा आला. सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे त्याच्या अंमलबजावणीचे नवे कार्यालय सोपवण्यात आले. बेरोजगार तरुणांना निवासी प्रशिक्षण देणारी ‘जॉब कॉर्प्स’, गरीब वस्त्यांत स्वयंसेवक पाठवणारी ‘व्हिस्टा’ आणि १९६५च्या उन्हाळ्यात सुरू झालेली ‘हेड स्टार्ट’ या योजना त्यातून उभ्या राहिल्या. हेड स्टार्ट ही आपल्या अंगणवाडीच्या जवळ जाणारी योजना. शाळेत जाण्याआधीच्या वयातील गरीब मुलांना शिकण्याची तयारी, जेवण आणि वैद्यकीय तपासणी एकाच ठिकाणी मिळे. पहिल्याच उन्हाळ्यात ५ लाखांहून अधिक मुले तिच्यात दाखल झाली. अन्नधान्यासाठी कुपने देणारी फूड स्टॅम्प योजनाही १९६४ मध्येच कायम झाली.

नोव्हेंबर १९६४च्या निवडणुकीत जॉन्सन यांनी रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचा ६१ टक्के मते मिळवून पराभव केला. दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाला दोन तृतीयांश जागा मिळाल्या. इतके बहुमत फार काळ टिकत नाही हे जॉन्सन जाणून होते, म्हणून १९६५ हे वर्ष त्यांनी कायद्यांमागून कायदे करण्यात घालवले.

शिक्षणावरचा कायदा त्यांना सर्वांत जवळचा होता. शाळा हा राज्यांचा विषय आणि कॅथलिक शाळांना सरकारी पैसा द्यायचा की नाही हा जुना वाद, यामुळे असे प्रयत्न आधी अनेकदा फसले होते. जॉन्सन यांच्या सहकाऱ्यांनी मदतीचा निकषच बदलला. पैसा शाळेच्या नावाने न देता, त्या भागातील गरीब मुलांच्या संख्येनुसार देण्याचे ठरले. विधेयक काही आठवड्यांत मंजूर झाले. ११ एप्रिल १९६५ रोजी जॉन्सन ज्या एका खोलीच्या शाळेत लहानपणी शिकले होते, तिच्या आवारात त्यांनी सही केली. त्या वेळी त्यांच्या शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका केट डेड्रिक लोनी बसल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च शिक्षणाचा कायदा झाला. गरीब विद्यार्थ्यांना अनुदान आणि सरकारी हमीचे कर्ज त्यातून मिळू लागले.

शाळांना मिळणाऱ्या या पैशाने नागरी हक्क कायद्याला बळ दिले. सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद १९५४ मध्येच अवैध ठरवला होता, तरी दहा वर्षांनंतर दक्षिणेतील ११ राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुले जेमतेम २ टक्के होती. आता शाळा वेगळ्या ठेवल्या तर अनुदान बुडणार होते. १९६८ पर्यंत हे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवर गेले.

आरोग्याच्या बाबतीतही हेच घडले. ३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतील इंडिपेंडन्स येथे मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांवर सही झाली. सार्वत्रिक आरोग्य विम्याचा प्रस्ताव १९४५ मध्ये मांडून अपयशी ठरलेले माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना पहिले मेडिकेअर कार्ड देण्यात आले. ६५ वर्षांवरील नागरिकांना रुग्णालयाचा विमा आणि महिना ३ डॉलर भरून डॉक्टरांच्या शुल्काचा विमा मिळू लागला. मेडिकेड ही गरिबांसाठी राज्यांच्या भागीदारीतली योजना. जुलै १९६६ मध्ये मेडिकेअर सुरू होताना १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्या कक्षेत आले. कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळे वॉर्ड ठेवणाऱ्या रुग्णालयांना मेडिकेअरचा पैसा मिळणार नव्हता. त्यामुळे दक्षिणेतील बहुतेक रुग्णालयांनी अल्पावधीत ते बंद केले.

मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी अमानुष लाठीमार केला. आठ दिवसांनी जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले. त्या भाषणात त्यांनी कोटुलाच्या मुलांची आठवण सांगितली. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला, साक्षरता चाचण्यांचा अडथळा दूर झाला आणि नोंदणीसाठी संघराज्याचे अधिकारी पाठवण्याची सोय झाली. मिसिसिपीत मतदार म्हणून नोंदलेले कृष्णवर्णीय नागरिक १९६५ मध्ये ६.७ टक्के होते. १९६७ मध्ये ते ५९.८ टक्के झाले.

३ ऑक्टोबर १९६५च्या स्थलांतर कायद्याने देशागणिक ठरलेले जुने कोटे रद्द केले. तोवर भारतीयांसाठी वर्षाला केवळ १०० जागांची मर्यादा होती. नव्या कायद्यात कौशल्य आणि कौटुंबिक नाते यांना प्राधान्य मिळाले. महाराष्ट्रातून डॉक्टर, अभियंते आणि संशोधक मोठ्या संख्येने अमेरिकेत स्थायिक होऊ शकले ते या बदलामुळे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळापर्यंतचा तिथला मराठी समाज याच पायावर उभा राहिला.

पण १९६५च्या अखेरीपासून या कार्यक्रमाची गती मंदावली. आर्थिक संधी कायद्यातील सामुदायिक कृती कार्यक्रमात योजना ठरवताना गरिबांचा शक्य तितका सहभाग असावा अशी अट होती. त्यातून स्थानिक संघटना महापालिकांनाच जाब विचारू लागल्या, महापौर बिथरले, आणि १९६७ मध्ये संसदेने सूत्रे स्थानिक प्रशासनाकडे दिली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ऑगस्ट १९६५ मध्ये उसळलेल्या दंगलीत ३४ जणांचा बळी गेला. गोऱ्या मतदारांची सहानुभूती आटली आणि १९६६च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील ४७ जागा गमावल्या. १९६७ मध्ये न्यूअर्क आणि डेट्रॉइटही पेटले.

सर्वांत मोठा घाव व्हिएतनाम युद्धाचा होता. १९६८ मध्ये तिथे ५ लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. युद्ध आणि समाजकल्याण दोन्ही एकाच वेळी पेलतील हा जॉन्सन यांचा हिशेब चुकला. १९६८ मध्ये प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार लावताना त्यांना इतर खर्चात कपात मान्य करावी लागली. ३१ मार्च रोजी त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. ४ एप्रिलला नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर आठवडाभरात घरांच्या विक्रीत व भाड्यात वंशभेदाला मनाई करणारा कायदा झाला. ग्रेट सोसायटीतला हा अखेरचा मोठा नागरी हक्क कायदा ठरला.

या कार्यक्रमाने सरकारी खर्च आणि परावलंबन वाढवले, अशी टीका पुढे होत राहिली. डॉक्टर-रुग्णालयांच्या शुल्काला लगाम न घातल्याने आरोग्यखर्च फुगला, हा आक्षेप खराच आहे. तरी दारिद्र्याचे प्रमाण १९६४ मधील १९ टक्क्यांवरून १९६९ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर आले. त्यात अर्थव्यवस्थेच्या वाढीचा वाटा मोठा होता, पण योजनांचाही होता. जिथे हक्काच्या कायद्याला पैशाची जोड आणि पैशाला समतेची अट होती, तिथे ग्रेट सोसायटीने समाज बदलला. जिथे निधी तुटपुंजा होता आणि जबाबदारी संदिग्ध होती, तिथे ती फसली. जॉन्सन २२ जानेवारी १९७३ रोजी वारले. मेडिकेअर, मेडिकेड आणि हेड स्टार्ट या योजना आजही चालू आहेत.